काठी आणि वाट

मलकपेठेत नलगोंडा चौरस्त्याजवळ दिव्यांग कल्याणाचे सरकारी कार्यालय आहे. तीनचाकी सायकल, कुबड्या, श्रवणयंत्र यांसाठी माणसे तेथे अर्ज घेऊन येतात. याच भागात मलकपेठचे मेट्रो स्थानकही आहे. अमीरपेठ ते एल. बी. नगर हा मार्ग २४ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाला. स्थानकात लिफ्ट आहे आणि जमिनीवर उठावदार पिवळ्या फरशांची पट्टी आहे. तेथे कोणाला अर्ज करावा लागत नाही. या दोन जागांमागे दोन वेगळे इतिहास आहेत, एक उपकरणाचा आणि एक वाटेचा. पहिला आपल्याला बराच ठाऊक आहे, कारण त्यात दानाला जागा आहे. दुसऱ्याकडे आपले लक्ष कमी गेले.

उपकरणापासून आरंभ करू. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. त्या काळचे कृत्रिम पाऊल पाश्चात्त्य धर्तीचे होते. बूट घालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला ते सोयीचे. आपला शेतकरी मात्र अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, जेवायला मांडी घालतो. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास रबराचे पाऊल घडवले, ते ही अडचण ओळखून. १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि हे ‘जयपूर फूट’ गोरगरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचू लागले. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी जन्माने जैन. करुणादानाची शिकवण घरातलीच, म्हणून त्या समितीचे नाव निघाले की मला अभिमान वाटतो. पण या कथेतला बोध केवळ दानाचा नाही. उपकरण चांगले की वाईट हे ते वापरले जाते त्या जागेवरून ठरते, हे जयपूरच्या कारागिराने ओळखले.

दुसरे उदाहरण अक्षरांचे. अंधांसाठी मुंबईत ताडदेवला १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. पुढे कित्येक वर्षे देशात ब्रेलच्या वेगवेगळ्या लिप्या चालत होत्या. एका प्रांतात छापलेले पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या मुलाच्या बोटांना वाचता येईना. १९५१ साली भारती ब्रेल ठरली. ठिपक्यांची जुळणी ध्वनीवरून ठरवल्यामुळे मराठीतला ‘क’ आणि तेलुगूतला ‘క’ नव्हे, तर दोन्ही भाषांतला ‘क’ हा एकच झाला: पहिला आणि तिसरा ठिपका. तेलुगू मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना यातले मोल वेगळे सांगायला नको. एकदा सर्वांनी मान्य केलेले माप कोणा एकाच्या दयेवर अवलंबून राहत नाही.

इमारतींसाठी असे माप जगात उशिरा आले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजेंट यांच्या पुढाकाराने झालेल्या कामातून १९६१ साली तेथले पहिले राष्ट्रीय मानक निघाले. जपानमध्ये सेइची मियाके यांनी अंधांना पायाने कळाव्यात अशा फरशा तयार केल्या. त्या १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर प्रथम बसवल्या गेल्या. लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे सावध व्हा. मलकपेठ स्थानकातल्या पिवळ्या पट्टीचे मूळ त्या रस्त्यावर आहे.

आपल्याकडे १९९५चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा आला. त्यात रॅम्पचा उल्लेख होता, पण सोबत एक पळवाटही होती: हे सारे ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ करायचे. क्षमता नाही असे म्हटले की विषय संपला. जानेवारी २००१मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले, तेव्हा कुतुबमिनारसारख्या वास्तूंपाशी लाकडी रॅम्प उभे राहिले. क्षमता होती, ती पाहुण्यासाठी निघाली.

२००५ साली राजीव रतूडी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ते स्वतः दृष्टिबाधित आहेत. रस्ते, वाहने, सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात, एवढीच मागणी होती. मधल्या काळात २०१६चा दिव्यांग हक्क कायदा झाला. त्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला पाच वर्षांची मुदत घातली. तरी त्याखालच्या नियमांत मापे निव्वळ मार्गदर्शक राहिली. प्रत्यक्ष स्थिती तपासण्याचे काम न्यायालयाने आपल्या हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील अपंगत्व अभ्यास केंद्राकडे दिले. त्या अहवालाच्या आधारे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. कायदा सक्तीचा असताना नियम ऐच्छिक ठेवता येणार नाही, म्हणून नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान सक्तीची मापे तीन महिन्यांत ठरवावीत असा आदेश दिला. याचिकेपासून या निकालापर्यंत एकोणीस वर्षे गेली.

आता हे माप आपल्या दारात लावून पाहू. रॅम्पचा उतार १:१२ असावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट रॅम्प लागतो. पायऱ्यांवर चार फुटांची फळी टेकवली तर ती घसरगुंडी होते. चाकाची खुर्ची ढकलणाराही तिच्यावर घसरेल. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट हवी. आपल्या जुन्या वाड्यांची आणि सभागृहांची दारे मोजून पाहावीत.

मी संधिवाताचे रुग्ण वर्षानुवर्षे पाहतो. वॉकर आला की ते घरात हिंडूफिरू लागतात, पण व्याख्यानाला येणे सोडतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते: “आता वय झालं, डॉक्टर.” वय तर झालेच आहे, पण अडवतात त्या सभागृहाच्या पायऱ्या. ज्यांनी या शहरात मराठी शाळा आणि ग्रंथालये उभी राहताना पाहिली, त्यांच्याचवाचून आपल्या सभा होऊ लागल्या आहेत.

आपली घराणी दानात मागे नाहीत. वाढदिवसाला, पुण्यतिथीला श्रवणयंत्रे आणि तीनचाकी सायकली वाटल्या जातात, त्या वाटाव्यातच. त्या निधीतला काही भाग रॅम्पला, कठड्याला आणि तळमजल्यावरच्या एका रुंद स्वच्छतागृहाला द्यावा. ते होईपर्यंत कार्यक्रम तळमजल्यावर ठेवावेत आणि निमंत्रणपत्रिकेवर स्थळ व वेळेखाली एक ओळ छापावी: किती पायऱ्या आहेत, लिफ्ट आहे की नाही. ती ओळ वाचून घरातले वडीलधारे यायचे की नाही, हे स्वतः ठरवू शकतील.