वाफ, हवा आणि निगराणी

मुंबईच्या कापडधंद्याचा इतिहास लिहिताना भांडवल, मजुरी आणि बाजारभाव यांचा ऊहापोह विस्ताराने होतो, आणि तो योग्यच आहे; परंतु ज्या वाफेच्या बळावर चात्या फिरल्या आणि ज्या दमट हवेच्या आधाराने सूत अखंड राहिले, त्या वाफेची व त्या हवेची निगा राखणाऱ्या व्यवस्थेचा इतिहास मात्र उपेक्षितच राहिला आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून या शहरात कापडाचा धंदा म्हणजे पर्यायाने बॉयलरचा धंदा होऊन बसला. आणि बॉयलर हे असे यंत्र आहे की, त्याच्याकडे झालेले दुर्लक्ष ते दीर्घकाळ निमूटपणे सोसते आणि मग एका क्षणात त्याचा हिशेब चुकता करते.

पाण्यातील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार तापताच वेगळे होऊन पत्र्याच्या आतल्या अंगाला चिकटतात. हा थर उष्णतेला अडवितो, त्यामुळे तितक्याच वाफेसाठी अधिक कोळसा जाळावा लागतो, आणि पाण्याचा स्पर्श तुटलेला पत्रा अतोनात तापून हळूहळू दुर्बळ होतो. म्हणजे बॉयलर थंड करून आतून खरवडण्याचा जो दिवस खातेवहीत बुडीत म्हणून दिसतो, तोच वस्तुतः कोळसा, पत्रा आणि फायरमनचे प्राण या तिन्हींची बचत करणारा दिवस असतो.

हे सत्य राज्यकर्त्यांना मात्र एका दुर्घटनेनेच पटले. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन अनेक माणसे प्राणास मुकली, आणि त्यावरून झालेल्या चौकशीअंती १८६४ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने त्या शहरातील व उपनगरांतील बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. पुढे इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले, तरी त्यांत एकवाक्यता नव्हती. ती उणीव १९२३ च्या बॉयलर कायद्याने भरून काढली. या कायद्याने प्रत्येक बॉयलरची नोंदणी व निरीक्षकाकडून तपासणी आवश्यक ठरविली आणि वापराच्या दाखल्याला सामान्यतः बारा महिन्यांहून अधिक मुदत मिळणार नाही अशी तजवीज केली. यंत्राचे आरोग्य एकदा सिद्ध झाले म्हणून कायमचे सिद्ध होत नाही, ही जाणीव त्या मुदतीच्या अटीतून सरकारी दप्तरात अधिकृतपणे दाखल झाली.

वाफेइतकीच हवेचीही कथा महत्त्वाची आहे. मुंबईला समुद्राची ओल आयती लाभली होती. नागपूरला ती नव्हती. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी तेथे सुरू झाली, परंतु वैदर्भी उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत सूत ठिसूळ होते, वारंवार तुटते आणि तुटलेला प्रत्येक धागा सांधण्यात कामगाराचे श्रम व मालकाचा नफा दोन्ही खर्ची पडतात. जमशेटजींनी तेथे हवा दमट करणारी यंत्रे बसविली, आगीपासून बचावासाठी पाण्याचे फवारेही बसविले, आणि गिरणीची इमारत व यंत्रसामग्री यांप्रमाणेच गिरणीतील हवाही कारखानदाराने सांभाळायची संपत्ती आहे, हे आपल्या कृतीने दाखवून दिले.

मात्र सांभाळाविना तीच हवा अपायकारक ठरते. लँकाशायरच्या विणकरांनी साचेखात्यात सोडल्या जाणाऱ्या वाफेविरुद्ध आवाज उठविला होता, आणि १८८९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला त्या दमटपणावर कायद्याने मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने आणखी एक मार्मिक अट घातली: हवा दमट करण्यासाठी वापरावयाचे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचे अथवा पिण्यायोग्य उगमाचे असावे, नाहीतर ते परिणामकारक रीतीने शुद्ध केलेले असावे. जे पाणी हवेत मिसळून कामगाराच्या छातीत जाते, त्याची शुद्धता ही कामगाराला दाखविलेली मेहेरबानी नसून मालकाचे कर्तव्य आहे, हा त्या कलमाचा आशय होय.

आजच्या वातानुकूलनाचा जन्मही धंद्याच्या गरजेतूनच झाला. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद आकुंचन-प्रसरण पावे व रंग एकमेकांवर नीट बसत नसत, म्हणून विलिस कॅरिअर यांनी हवेतील ओल नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेचा आराखडा तयार केला. पुढे मुंबईत १९३३ मध्ये सुरू झालेल्या रीगल चित्रपटगृहाने प्रेक्षकांना तशा शीतल हवेचे सुख दिले. यंत्र बदलले, पण नियम बदलला नाही. जाळीवर धूळ साचली, नळ्यांवर मळ चढला की हवेचा ओघ मंदावतो, कॉम्प्रेसर अधिक वेळ राबतो, विजेचे बिल वाढते आणि यंत्राचे आयुष्य घटते. जे काम पूर्वी बॉयलरमधील क्षार करीत, तेच आता धूळ करते.

आपल्या कारखान्यांतून खंडेनवमीला यंत्रे पुसून त्यांची पूजा करण्याची रीत आहे, आणि ती कृतज्ञतेची रीत सर्वथैव आदरणीय आहे. परंतु ज्या रुग्णालयाच्या, उपाहारगृहाच्या वा कचेरीच्या मालकाने ठरावीक मुदतीची तपासणी, स्वच्छता आणि डागडुजी यांसाठी वर्षारंभीच रक्कम वेगळी काढून ठेवली, त्याची यंत्रपूजा बाराही महिने चालते. शंभर वर्षांपूर्वी कायद्याला सक्तीने जे करून घ्यावे लागले, ते आजच्या व्यावसायिकाने सुजाणपणे, आपण होऊन करावे.