सुरसुंदरीचा 'मोबाइल', देवतेच्या हातातले कणीस आणि पुण्याची बंदूक

लोहारा, उमरगा, निलंगा या पट्ट्यातील किंवा त्यांच्यासारख्या जुन्या मंदिरांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर आली, की त्यांखाली एक प्रश्न हमखास दिसतो: या सुरसुंदरीच्या हातात मोबाइल कसा? पाठोपाठ उत्तरेही येतात. कोणी म्हणते, पूर्वजांना सारे ठाऊक होते. कोणी म्हणते, शिल्पच बनावट आहे. ते कोणत्या शतकातले, हे मात्र दोघांनीही विचारलेले नसते.

हा सारा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांचा. त्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, उमरग्याच्या पूर्वेला जवळच आहे. उमरग्याचे महादेव मंदिर आणि निलंग्याचे नीळकंठेश्वर मंदिर याच शिल्पपरंपरेत घडले. या परंपरेत सुरसुंदरींचे प्रकार ठरलेले असत: पायातला काटा काढणारी, पोपटाशी खेळणारी, आरशात पाहणारी दर्पणा, लिहिणारी पत्रलेखिका. दर्पणेच्या हातातला आरसा घासून चकचकीत केलेल्या धातूचा. त्याची मूठ बोटांआड गेली, दगड थोडा झिजला आणि छायाचित्र खालून घेतले, की 'मोबाइल' तयार होतो.

पत्रलेखिकेबाबत तर शंकेला जागाच नाही. बीदर जिल्ह्यातील जलसंगी येथे अशी एक सुरसुंदरी पाठमोऱ्या डौलात उभी राहून फलकावर लिहीत आहे आणि तिने लिहिलेली अक्षरे आजही वाचता येतात. तो संस्कृत श्लोक असून त्यात चालुक्य विक्रमादित्याची स्तुती आहे. सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ या काळात राज्य करीत होता. हातातली वस्तू काय आहे, हे शिल्पानेच सांगितल्याचे इतके सुंदर उदाहरण क्वचित सापडेल.

'उंच टाचांच्या चपला' बहुधा तेलंगणातील रामप्पा मंदिरातून येतात. हे मंदिर १२१३ सालचे, काकतीय राजवटीतले. तेथील एका मदनिकेच्या पायांत उंच तळाचे पादत्राण खरोखरच आहे. पाय जमिनीपासून उचलून धरणाऱ्या खडावा ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या, तेथे याचे आश्चर्य वाटू नये.

मक्याचे प्रकरण याहून गंभीर, कारण तो वाद विद्वानांचा होता. कर्नाटकातील सोमनाथपूरच्या १३ व्या शतकातील होयसळ मंदिरात अनेक मूर्तींच्या हातांत दाणेदार, लांबट वस्तू आहे. १९८९ साली दोन अमेरिकी संशोधकांनी ती मक्याची कणसे असल्याचे मांडले. मका मूळचा मेक्सिकोकडचा आणि कोलंबस अमेरिकेला पोहोचला १४९२ मध्ये. दावा खरा ठरता, तर जागतिक इतिहासाचे एक प्रकरण नव्याने लिहावे लागले असते. १९९३ साली भारतीय मका-तज्ज्ञांनी तो खोडून काढला. त्यांच्या मते ते मोत्यांनी मढलेले काल्पनिक 'मुक्ताफल' होय.

मराठी वाचकाला हे पटायला कोल्हापूरला जाणे पुरेसे आहे. महालक्ष्मीच्या एका हातात महाळुंग आहे. बियांनी भरलेले म्हणून संस्कृतात त्याला बीजपूरक म्हणतात. देवतेच्या हाती फळ देण्याची रीत जुनी. त्यात मका पाहणारी नजर मात्र शेतात मका पाहून आलेली.

तरीही 'आधुनिक वस्तू असूच शकत नाही' हे म्हणणेही चुकीचे. तिरुचिरापल्लीच्या उरैयूर येथील पंचवर्णस्वामी मंदिरात सायकलस्वार कोरलेला आहे. तो विसाव्या शतकातील जीर्णोद्धाराचा. स्पेनमधील सालामांका येथील कॅथेड्रलच्या दारावर अंतराळवीर आहे. तो १९९२ च्या दुरुस्तीत आला. इमारत जुनी, दगड नवा.

महाराष्ट्रात मात्र गोंधळाचे मूळ एका शब्दात आहे. काळ्या दगडाचे कोणतेही मंदिर दिसले, की ते 'हेमाडपंती'. हेमाद्री हा १३ व्या शतकाच्या उत्तरार्धातील यादवांचा मंत्री. चालुक्यांची कित्येक मंदिरे त्याच्या जन्माआधी उभी होती आणि त्याच शब्दाखाली पेशवाईतली मंदिरेही खपून जातात. एकदा सारेच 'प्राचीन' ठरले, की बंदूक दिसताच डोळे विस्फारतात.

बंदूक खरोखर आहे. पुण्याच्या सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपती मंदिराच्या दर्शनी भिंतीवर युरोपीय शिपाई गेंड्याला साखळदंडाने जखडताना कोरले आहेत. हे मंदिर भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधायला घेतले आणि ते १७७० मध्ये पूर्ण झाले. बांधकाम सुरू असतानाच, १७५७ साली, प्लासीची लढाई झाली आणि बंगाल इंग्रजांच्या कह्यात जाऊ लागला. गेंडा हा पूर्व भारताचा प्राणी. म्हणून काही अभ्यासक या शिल्पात बंगालच्या पाडावाचे रूपक पाहतात. रूपक मान्य नसले, तरी बंदूक आणि तिची वेळ अचूक जुळते. प्लासीची बातमी ताजी असताना पेशव्यांच्या राजधानीत कोणीतरी ती दगडात उतरवली होती. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले ते १८१७ साली, मंदिर पूर्ण झाल्यावर ४७ वर्षांनी.