गौरीचा तेरडा दारातच फुलवा. जूनमध्ये पेरा, दोन रोपं बियांसाठी राखा

करंजाडे (पनवेल) : भाद्रपदात गौरी आणायची म्हटली की आपल्याकडे तेरडा लागतोच. रोप मुळांसकट आणायचं, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. पूर्वी बांधावर, माळावर तेरडा सहज मिळायचा. आता करंजाडेत सिडकोची वसाहत झाली, माळ कमी झाले आणि अनेक घरांत तेरडा बाजारातून येतो.

तेरडा एका पावसाळ्याचा सोबती. उगवतो, फुलतो, बी टाकतो आणि वाळून जातो. पुढच्या वर्षीचा तेरडा येतो तो फक्त बियांतून. बी पिकण्याआधीच सगळी रोपं उपटली, तर त्या जागी तो हळूहळू संपतो. म्हणून घरी लावा आणि बी जपा.

बी कुठून आणाल?
शेजारी किंवा गावच्या बांधावरून थोडंच घ्या. कर्नाळा अभयारण्यातून परवानगीशिवाय रोप किंवा बी आणता येत नाही. नर्सरीतला भरगच्च पाकळ्यांचा तेरडा हा बागेतला प्रकार आहे; रानातला हवा असेल तर एकेरी पाकळ्यांचा बघा.

पेरणी कशी कराल?
• पहिला पाऊस पडून माती भिजली की जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पेरा. फुलं यायला साधारण दोन महिने लागतात. गणपती सप्टेंबरच्या मध्यावर असतील तर जूनअखेर पुन्हा थोडं बी टाका.
• भरावाची मुरमाड माती असेल तर त्यात शेणखत मिसळा. कुंडीला खाली भोक हवंच. पाणी साचलं की तेरड्याचं रसरशीत खोड कुजतं.
• बी अर्धा सेंटिमीटरच खोल टाका. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात.
• रोपं चार पानांवर आली की वीतभर अंतर ठेवून विरळणी करा.
• कोवळे कोंब गोगलगायी खातात. संध्याकाळी बघून हाताने वेचा.

सोबतीला कुरडूही लावता येतो. कोवळ्या पानांची भाजी होते, नंतर गुलाबी-पांढरे तुरे येतात. बी बारीक, काळं, चकचकीत असतं, वरच्यावर भुरभुरा. मात्र कुरडू शेतात तण म्हणून पसरतो, त्यामुळे नको असलेले तुरे बी पडण्याआधी कापा.

बी कसं धराल?
गौरीसाठी रोपं काढताना किमान दोन धष्टपुष्ट रोपं जागेवरच ठेवा. बोंड फुगून फिकट झालं की हात लागताच फुटतं आणि बी दूर उडतं. म्हणून बोंड मुठीत धरून तोडा किंवा त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधा. बी आठवडाभर सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत घालून कोरड्या डब्यात ठेवा. पुडीवर वर्ष लिहा.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात ते खरंच. पण डब्यात बी असेल तर पुढच्या जूनमध्ये तोच रंग पुन्हा दारात येतो.