चिठ्ठीवरचं गाव

पक्ष्याच्या पायाला बांधायची चिठ्ठी बोटाएवढी असते. तिच्यावर चार गोष्टी लिहायच्या: कुठे मिळाला, कधी मिळाला, नर की मादी, आणि कोणी आणला. मुंबईतल्या एका संग्रहात मी ३२ वर्षं हे काम केलं. कापूस भरलेल्या, पंख मिटलेल्या, उताण्या निजवलेल्या पक्ष्यांना आम्ही ‘स्किन’ म्हणायचो. ड्रॉवर ओढला की नॅफ्थलीनचा वास यायचा. जुन्या स्किनना आतून आर्सेनिकचा साबण चोळलेला असे, त्यामुळे दुपारी हात घासून धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. मला हे काम ज्यांनी शिकवलं त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते सांगायचे, “चिठ्ठी गेली की पक्षी गेला.”

कपाटं एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवताना एक पेटी उलटली आणि जुन्या दोऱ्यांच्या चिठ्ठ्या सुटून एका ढिगात मिसळल्या, तेव्हा त्यांचं म्हणणं मला उमगलं. पक्षी तसेच होते, रंगसुद्धा तसाच. पण त्यातला कोणता खंडाळ्याचा आणि कोणता कारवारचा, हे सांगणारं आता कोणी नव्हतं. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन रडले होते.

एका पक्ष्याची गोष्ट मला अनेक वर्षं सोडत नाही, त्याचं कारण ही चिठ्ठीच आहे. पक्षी आपल्याकडचा नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. आपल्या बागेत जास्वंदीवर लटकतो तो शिंजीर, त्याचं कूळ वेगळं. मी म्हणते तो पक्षी उत्तर पेरूमधल्या उत्कुबाम्बा नदीच्या खोऱ्यात आणि आसपासच्या डोंगरउतारांवर, साधारण २,१०० ते २,९०० मीटर उंचीवर राहतो. जगात दुसरीकडे कुठेही नाही. शास्त्रातलं नाव लॉडिजेसिया मिराबिलिस. वजन तीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शिंजिराच्या निम्म्याहूनही कमी. नराच्या डोक्यावर निळा तुरा, गळ्यावर निळसर हिरवी झळाळी. आणि शेपूट अशी, की पहिल्यांदा चित्र पाहिल्यावर मला ते चित्रकाराच्या मनचं वाटलं. इतर हमिंगबर्डना शेपटीची दहा पिसं असतात, याला चारच. त्यातली बाहेरची दोन शरीराहून लांब, तारेसारखी उघडी, आणि टोकाला एकेक जांभळट निळी चकती. तारा सरळ मागे जात नाहीत. डावी वळून उजवीकडे जाते, उजवी डावीकडे, आणि वाटेत एकमेकींना छेदतात.

सह्याद्रीतल्या भृंगराजाची शेपटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना चकत्यांची कल्पना येईल. तो उडतो तेव्हा मागून दोन भुंगे पाठलाग करताहेत असं वाटतं. आमच्या संग्रहात भृंगराजाच्या स्किन होत्या. त्यांच्या शेपटीच्या तारा मोडू नयेत म्हणून आम्ही त्या पातळ कागदात गुंडाळून एकमेकींना समांतर ठेवायचो. ड्रॉवरमधला भृंगराज नीटनेटका दिसायचा, पण त्यावरून जंगलातला भृंगराज ओळखता आला नसता.

आता १८३५ सालाकडे जाऊ. लंडनजवळच्या हॅकनीत लॉडिजेस घराण्याची मोठी रोपवाटिका होती. वाफेवर गरम राखलेली पामची काचघरं आणि हजारो ऑर्किड यांसाठी ती प्रसिद्ध होती. काचेच्या बंद पेटीत रोपं महिनोन्‌महिने जहाजावर जगू शकतात, हे डॉ. वॉर्ड यांनी १८३३ साली सिडनीला पेट्या पाठवून दाखवलं, तेव्हा रोपं भरायला लॉडिजेसच बरोबर होते. घरातल्या जॉर्ज लॉडिजेसना हमिंगबर्डचं वेड होतं. दोनशेहून अधिक जातींचा संग्रह त्यांच्याकडे होता, आणि ते स्वतः दक्षिण अमेरिकेला कधी गेले नाहीत. रोपं आणणारी माणसंच पक्षीही आणत. अँड्र्यू मॅथ्यूज हा त्यांच्यापैकी एक. तो पेरूत बिया, कंद, वाळवलेल्या फांद्या आणि पक्षी गोळा करी आणि चाचापोयास गावी राहत असे. तिथून निघालेली पेटी आधी खेचराच्या पाठीवर मारान्योन नदीचं खोल खोरं उतरून, पुन्हा डोंगर चढून किनाऱ्याला लागायची, आणि मग जहाजानं केप हॉर्नला वळसा घालायची. त्या पेट्यांपैकी एकीत हा पक्षी होता. प्रौढ नर, एकच. बरोबर माहिती होती ती गावाच्या नावाची: चाचापोयास.

मॅथ्यूज १८४१ साली चाचापोयासमध्येच वारला. जॉर्ज लॉडिजेस १८४६ साली गेले. त्यानंतर, १८४७ मध्ये, ज्यूल बुर्सिए या फ्रेंच अभ्यासकानं या जातीचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि तिला ‘मिराबिलिस’, म्हणजे अद्भुत, असं नाव दिलं. पुढे १८५० साली तिच्या प्रजातीला (जीनसला) लॉडिजेस यांचं नाव मिळालं. रोपवाटिका त्यानंतर फार टिकली नाही. तिथले पाम वाहून नेऊन सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले गेले. पक्षी उरला, पण एकटाच. पंचेचाळीस वर्षं जगाला या जातीची माहिती होती ती या एका कापूस भरलेल्या नरावरून. मादी कशी असते, घरटं कुठे बांधते, त्या चकत्या कशासाठी, काहीच ठाऊक नव्हतं.

याच काळात लंडनला हमिंगबर्डचं वेड लागलं होतं. १८५१ मध्ये, जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी, जॉन गूल्ड यांनी रीजंट्स पार्कच्या प्राणिबागेत आपले पेंढा भरलेले हमिंगबर्ड मांडले. तिकीट सहा पेन्स, आणि पाऊण लाख माणसांनी ते पाहिले, त्यांत व्हिक्टोरिया राणीही होती. हमिंगबर्डवरचा त्यांचा प्रचंड चित्रग्रंथ १८४९ पासून भागाभागांनी निघत होता, त्यात ३६० चित्रं आहेत. गूल्ड यांनी तोवर जिवंत हमिंगबर्ड पाहिलेला नव्हता. पहिला पाहिला तो १८५७ च्या मे महिन्यात, फिलाडेल्फियातल्या बार्ट्रम यांच्या बागेत. तेव्हा त्यांच्या ग्रंथाला आठ वर्षं झाली होती. पुढे त्यांनी जाळीदार कापडाच्या छोट्या पिशवीत पक्षी ठेवून ती कोटाच्या बटणाला अडकवली, आणि एक जोडी इंग्लंडला न्यायचा प्रयत्न केला. एक किनारा लागण्याआधीच मेला, दुसरा लंडनला पोचून दोन दिवसांत. मी गूल्ड यांना दोष देत नाही. त्यांच्या ग्रंथातली पानं मी एकदा हातमोजे घालून उलटली आहेत, आणि तशी चित्रं प्रेमाशिवाय निघत नाहीत. पण शेकडो पक्षी हाताळून झाल्यावर एका बागेत उभं राहून पहिल्यांदा पंखांचा आवाज ऐकायचा, त्या क्षणी त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

प्रदर्शनातल्या कौतुकापाठोपाठ व्यापार आला. टोप्यांवर हमिंगबर्ड, पंख्यांवर हमिंगबर्ड. १८६५ मध्ये लंडनच्या एका जवाहिऱ्यानं हमिंगबर्डची डोकी सोन्यात बसवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. बोगोता शहरातून व्यापारी खोकीच्या खोकी स्किन पाठवत. त्यांना अभ्यासक अजून ‘बोगोता स्किन’ म्हणतात, कारण चिठ्ठीवर एवढंच कळतं. कोणत्या डोंगरावरचा, कोणत्या उंचीवरचा, पाऊस होता की ऊन, काही नाही. त्यातल्या काही पक्ष्यांची मूळ जागा शोधणं पुढच्या पिढ्यांना फार जड गेलं. आमच्या उलटलेल्या पेटीचं दुःख मला कळतं, म्हणून या खोक्यांचंही कळतं. हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्ये बंदी आली. इंग्लंडनं आयात थांबवणारा कायदा केला तो १९२१ मध्ये.

लॉडिजेस यांच्या पक्ष्याची कोंडी फोडली ती यान श्टोल्त्समान या पोलिश तरुणानं. वॉर्साच्या संग्रहालयासाठी पक्षी गोळा करायला तो १८७५ मध्ये पेरूला आला, तेव्हा विशीत होता. तो वर्षानुवर्षं तिथेच राहिला, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला. १८७९-८० च्या सुमारास चाचापोयासच्या आसपासच्या डोंगरांत त्याला हा पक्षी सापडला, आणि त्यानं तो नुसता गोळा केला नाही, बसून पाहिला. वॉर्साचे तचानोव्स्की आणि तो, अशा दोघांचा लेख १८८१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र सभेच्या वृत्तांतात आला. नर चकत्या कशा हलवतो हे त्यामुळे जगाला पहिल्यांदा कळलं.

नर एका बारीक फांदीजवळ येतो आणि हवेत लोंबकळत या बाजूहून त्या बाजूला झोकांड्या घेतो. त्या वेळी शेपटी मागे राहत नाही, ती पुढे येते. दोन्ही चकत्या डोक्याच्या दोन बाजूंना, जणू तो दोन निळी फुलं हातात घेऊन नाचतोय. प्रत्येक तार तो वेगळी हलवू शकतो. हे सारं काही सेकंदच चालतं, कारण एवढ्या हलक्या जिवाला ते ओझं फार. मादीसमोर नाचतो, तसा दुसऱ्या नरासमोरही. ज्यांच्या चकत्या अजून पुऱ्या वाढलेल्या नाहीत असे तरुण नरही हा नाच करून बघतात. पंचेचाळीस वर्षं पेटीत पडून राहिलेल्या त्या दोन तारांचा अर्थ एवढाच होता, आणि तो पेटी उघडून कधीच सापडला नसता.

निवृत्तीनंतर मी पेरूला गेले. माझी मुलगी कामानिमित्त लिमाला होती. विमानानं हाएन, तिथून गाडी. बाग्वा ग्रांदेजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं लागली, पाणी भरलेली, आणि मला क्षणभर पेणजवळच्या रस्त्याचा भास झाला. पुढे रस्ता उत्कुबाम्बाच्या कडेनं जातो, पेद्रो रुईसनंतर चढ लागतो, आणि धुक्यात पोमाकोचासचं तळं दिसतं. त्याच्या अलीकडे वेम्बो. पोमाकोचासच्या गावकऱ्यांनी एका पेरूवियन आणि एका अमेरिकी पक्षिसंस्थेबरोबर करार करून इथली सुमारे १०० एकर जमीन या पक्ष्यासाठी राखली आहे. त्या प्रकारचा करार पेरूत पहिलाच. शेतीसाठी आणि गुरांसाठी डोंगर उघडे झालेत, ते वाटेत दिसतंच. शिवाय नराचं वाळवलेलं काळीज कामोत्तेजक असतं असा समज होता, आणि पोरं गलोलीनं नर टिपत. आता त्याच गावातली माणसं पाहुण्यांना पक्षी दाखवतात. आम्हाला घेऊन गेलेल्या बाईंनी तर आम्हाला आधी पक्षी नाहीच दाखवला. रास्पबेरीसारखी काटेरी झुडपं आणि कोवळी आल्डरची झाडं दाखवली, म्हणाल्या, आधी घर बघा.

साखरपाण्याच्या बाटल्यांवर मोठे हमिंगबर्ड दादागिरी करत होते. तांबूस छातीचा एक तर दुसऱ्या कोणाला टेकूच देईना. मी तास-दीड तास ओल्या बाकावर बसून होते. मग मुलीनं माझं मनगट धरलं. “आई, डावीकडे. खाली.”

तो बाटलीकडे आला नव्हता. झुडपाच्या आत, सावलीत, बारीक काटकीवर बसला होता, पाठ आमच्याकडे. भृंगराजाच्या शेपटीच्या तारा वर्षानुवर्षं समांतर ठेवलेले माझे हात मांडीवर होते. त्याच्या तारा एकमेकींना छेदून खाली आल्या होत्या, चकत्या पावसानं काळ्या दिसत होत्या. मग डावी एकटीच हलली, आणि उजवी थांबून राहिली.

मी वही काढली आणि सवयीनं लिहिलं: वेम्बो, पोमाकोचास, उत्कुबाम्बा खोरं, नर, प्रौढ. मान वर केली तेव्हा काटकी हलत होती.