प्रयोगशाळेंतील प्रणय

विज्ञानाच्या रुक्ष वातावरणांत प्रणय कसा रंगावा, असें कोणी विचारील. परंतु एच्. जी. वेल्स याच्या १९०० सालच्या कादंबरींत लंडनला विज्ञान शिकणारा ल्यूइशॅम हाच नायक आहे. संसारासाठीं तो स्वहस्तें लिहिलेला कीर्तीचा आराखडा फाडून टाकतो. वेल्सची १९०९ मधील ॲन व्हेरोनिका पित्याचें घर सोडून जीवशास्त्र शिकते. पुढें प्रियकरासाठीं तिचीही प्रयोगशाळा सुटते. उलट, २०२१ सालच्या ‘द लव्ह हायपॉथिसिस’ या अली हेझलवूडच्या कादंबरींतील ऑलिव्ह ही स्टॅनफर्ड येथें कर्करोगाचें संशोधन न सोडतां प्रेम मिळविते. या कथांची मोहिनी येथेंच आहे. बुद्धि व हृदय यांपैकीं एकाचा बळी देणें वाचकांस, विशेषतः सुशिक्षित स्त्रियांस, मान्य नाहीं. कादंबरीनें ती मागणी पुरविली. घराघरांतून ती कधीं पुरविली जाणार?