घरच्या नेटवर्कवर कॉम्प्युटर किंवा नॅस दिसत नाही? आधी काय तपासायचं आणि काय अजिबात करायचं नाही

नॅसची पेटी चालू आहे. तिचा दिवा लुकलुकतोय. वाय-फायही व्यवस्थित आहे, मोबाइलवर व्हिडिओ चालतोय. पण लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररमध्ये 'नेटवर्क' उघडलं, तर यादीत ती पेटी नाही. शेजारच्या खोलीतला डेस्कटॉपही नाही. त्या पेटीत बारशापासूनचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि स्कॅन करून ठेवलेली घराची कागदपत्रं असतील, तर पोटात गोळा येणं साहजिक आहे.

अशा वेळी घाईत दोन चुका होतात. एक, नॅस 'फॅक्टरी रीसेट' करणं किंवा डिस्क नव्याने 'इनिशियलाइज' करणं. यात फोटो खरोखरच जाऊ शकतात. दोन, इंटरनेटवरचा कुठला तरी जुना उपाय वाचून विंडोजमध्ये 'एसएमबी १' सुरू करणं. यात फोटो लगेच जात नाहीत, पण घराचं मागचं दार उघडं राहतं.

बहुतेक वेळा या दोन्हींची काहीच गरज नसते.

नॅस म्हणजे काय?

नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. सोप्या भाषेत, यूएसबीने एका कॉम्प्युटरला न जोडता थेट राउटरला जोडलेली हार्डडिस्क. घरातले सगळे लॅपटॉप, मोबाइल, टीव्ही तिच्यावरच्या फाइल उघडू शकतात. काही जण वेगळी पेटी न घेता राउटरच्या यूएसबी पोर्टमध्येच हार्डडिस्क लावतात, तर काही जण जुन्या डेस्कटॉपवरचं फोल्डर 'शेअर' करतात. तिन्ही प्रकारांत पुढचे उपाय जवळपास तेच आहेत.

'दिसत नाही' म्हणजे 'नाही' असं नव्हे

सोसायटीच्या गेटजवळ रहिवाशांच्या नावांची पाटी असते. एखाद्याचं नाव पाटीवर नसलं म्हणून तो तिथे राहत नाही असं होत नाही. फ्लॅट नंबर माहीत असेल तर सरळ जाऊन बेल वाजवता येते.

'नेटवर्क'मधली यादी ही अशीच पाटी आहे. प्रत्येक यंत्र 'मी इथे आहे' अशी घोषणा करतं आणि ती ऐकून विंडोज यादी तयार करतं. यासाठी आजचं विंडोज 'डब्ल्यूएस-डिस्कव्हरी' ही पद्धत वापरतं, तर अ‍ॅपलचे मॅक 'बाँजोर' ही पद्धत वापरतात. प्रत्यक्ष फाइल उघडण्याचं काम मात्र 'एसएमबी' नावाची वेगळी यंत्रणा करते. म्हणजे पाटी वेगळी आणि दार वेगळं. म्हणूनच तीच नॅस मॅकवर दिसते आणि विंडोजवर दिसत नाही, असंही घडतं.

पूर्वी तर आपोआप दिसायचं, मग आता काय झालं?

पूर्वी विंडोजमध्ये 'कॉम्प्युटर ब्राउझर' नावाची सर्व्हिस होती. घरातलं एक यंत्र सगळ्यांची यादी सांभाळायचं आणि बाकीची यंत्रं त्याच्याकडून ती घ्यायची. ही सोय एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर, म्हणजे एसएमबी १ वर अवलंबून होती. एसएमबीची सुरुवात १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाली. तेव्हा आजच्यासारखे हल्ले कुणाच्या डोक्यातही नव्हते.

१२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' हे रॅन्समवेअर जगभर पसरलं. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या या व्हायरसने ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं कामकाजही विस्कळीत केलं. तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपोआप जात होता आणि त्यासाठी त्याने एसएमबी १ मधलीच त्रुटी वापरली होती. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा अपडेट मार्च २०१७ मध्येच दिला होता, पण अनेक यंत्रांवर तो टाकलेला नव्हता.

ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ येणं बंद झालं. त्याच्यासोबत जुनी ब्राउझर सर्व्हिसही गेली. २०१८ मध्ये १८०३ आवृत्तीत 'होमग्रुप'ही काढून टाकण्यात आलं. त्यामुळे जुनी यंत्रं यादीतून गायब झाली. ती बिघडली नव्हती, फक्त पाटी लिहिण्याची पद्धत बदलली होती.

सगळ्यात आधी: थेट पत्त्यावर जा

यादीशी झटापट करण्याआधी एक चाचणी करा. तिला पाच मिनिटं पुरतात.

१. राउटरचं सेटिंग पान उघडा. त्याचा पत्ता आणि पासवर्ड बहुतेक वेळा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो.

२. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत नॅस किंवा डेस्कटॉप शोधा आणि त्याचा आयपी पत्ता टिपून घ्या. समजा तो १९२.१६८.१.५० आहे.

३. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा, म्हणजे बॅकस्लॅश, देऊन हा पत्ता टाइप करा आणि एंटर दाबा: \\१९२.१६८.१.५०. आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका.

४. मॅकवर फाइंडरच्या 'गो' मेन्यूमध्ये 'कनेक्ट टू सर्व्हर' निवडा आणि एसएमबीचा पत्ता द्या.

आता तीनपैकी एक गोष्ट होईल. फोल्डर उघडतील, पासवर्ड मागितला जाईल किंवा नाकारला जाईल, नाहीतर काहीच सापडणार नाही. पुढचा उपाय यावरच ठरतो.

फोल्डर उघडले: फक्त यादीची अडचण आहे

डेटा जागेवर आहे आणि रस्ताही मोकळा आहे. हवं तर त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडा. मग ते सी, डी ड्राइव्हसारखं कायम दिसेल आणि यादीची गरजच उरणार नाही.

यादीही दुरुस्त करायची असेल तर हे तपासा:

• नेटवर्कचा प्रकार. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग आपल्या वाय-फायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जा. तिथे 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. 'पब्लिक' हे रेल्वे स्टेशन किंवा कॅफेसाठी असतं. तिथे आपला लॅपटॉप इतरांपासून लपवलेला बरा, म्हणून विंडोज तो लपवतं. अनेक घरांत सगळी अडचण एवढीच असते.

• नेटवर्क डिस्कव्हरी. 'अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'मधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये, प्रायव्हेट नेटवर्कखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू करा. हे दोन्ही कॉम्प्युटरवर करायचं आहे.

• दोन सर्व्हिस. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा. जो कॉम्प्युटर दिसायला हवा, त्यावर 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' चालू असायला हवी. ज्यावरून बघायचं आहे, त्यावर 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' हवी. दोन्ही 'ऑटोमॅटिक'वर ठेवल्या की रीस्टार्टनंतर पुन्हा बंद राहत नाहीत.

• नॅसचं सेटिंग. अनेक नॅसमध्ये फाइल सर्व्हिस किंवा एसएमबीच्या पानावर 'डब्ल्यूएस-डिस्कव्हरी' हा पर्याय असतो. तो सुरू करा. लिनक्सवर फोल्डर शेअर करणारी 'सांबा' ही प्रणाली ही घोषणा स्वतः करत नाही. त्यासाठी 'डब्ल्यूएसडीडी' हा वेगळा छोटा प्रोग्रॅम टाकावा लागतो.

पासवर्डवर अडलं: ओळख पटत नाहीये

ही खरं तर चांगली बातमी आहे. तुम्ही दारापर्यंत पोहोचला आहात, फक्त किल्ली चुकतेय.

लॅपटॉप उघडताना टाकतो तो पिन इथे चालत नाही. तो त्या एका यंत्रापुरताच असतो. समोरच्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचं नाव आणि त्याचा पूर्ण पासवर्ड द्यावा लागतो. त्या खात्याला पासवर्डच नसेल, तर विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. नॅसचा पासवर्ड मध्यंतरी बदलला असेल, तर विंडोजच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये साठवलेली जुनी नोंद काढून टाका. नाहीतर विंडोज तोच जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा देत राहतं.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर नॅस बंद पडल्याची तक्रार असेल, तर कारण वेगळं असू शकतं. या आवृत्तीच्या प्रो प्रकारात पासवर्डशिवायचा 'गेस्ट' प्रवेश मुळातच बंद ठेवलेला आहे. अशा वेळी 'तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे प्रवेश नाही' अशा अर्थाचा संदेश येतो आणि घरातला माणूस गोंधळतो, कारण त्याची कुठलीच संस्था नसते. विंडोजची सुरक्षा कमी करण्यापेक्षा नॅसवर घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड असलेलं खातं उघडणं हा योग्य उपाय आहे.

काहीच सापडलं नाही: रस्त्यातच अडथळा आहे

आधी साधं तपासा. समोरचा कॉम्प्युटर 'स्लीप'मध्ये तर गेला नाही ना? झोपलेलं यंत्र यादीत दिसत नाही आणि हाकेलाही ओ देत नाही.

त्यानंतर दोन्ही यंत्रांचे आयपी पत्ते शेजारी लिहून बघा. साधारण घरगुती नेटवर्कमध्ये पहिले तीन आकडे सारखे असायला हवेत. एक १९२.१६८.१ ने आणि दुसरा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल काढून लावा आणि राउटर रीस्टार्ट करा.

वेगवेगळं नेटवर्क होण्याची ही नेहमीची कारणं:

• दोन राउटर. इंटरनेट कंपनीने दिलेला एक आणि आतल्या खोलीत रेंज यावी म्हणून आपण आणलेला दुसरा. दुसरा राउटर आपलं स्वतंत्र नेटवर्क तयार करतो. मग आतल्या खोलीतून बाहेरची नॅस पत्त्यावर उघडते, पण यादीत दिसत नाही, आणि बाहेरून आतलं काहीच उघडत नाही. दुसऱ्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाकलं की दोन्ही एकाच नेटवर्कवर येतात.

• गेस्ट वाय-फाय. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवरून साधारणपणे इंटरनेट मिळतं, पण घरातली इतर यंत्रं मिळत नाहीत. लॅपटॉप चुकून त्यावर जोडला गेलाय का ते बघा. राउटरमधला 'एपी आयसोलेशन' हा पर्यायही हेच करतो.

• ऑफिसचं व्हीपीएन. वर्क फ्रॉम होमच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असताना घरचं नेटवर्क बंद होऊ शकतं. व्हीपीएन थांबवून पुन्हा बघा. लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर त्याची सेटिंग्ज स्वतः बदलू नका.

• अँटिव्हायरसचं फायरवॉल. विंडोजमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं, तरी अँटिव्हायरसमध्ये ते 'पब्लिक'च राहिलेलं असू शकतं.

लाइट गेली आणि नॅसही गेली?

लाइट गेल्यावर राउटर बंद होतो. पुन्हा सुरू झाल्यावर तो यंत्रांना नवे पत्ते देऊ शकतो. काल ५० वर असलेली नॅस आज ५३ वर असते आणि तुमचा शॉर्टकट जुन्याच पत्त्यावर जात राहतो. राउटरच्या 'डीएचसीपी' सेटिंगमध्ये नॅससाठी एक पत्ता राखून ठेवला, की हा प्रश्न कायमचा मिटतो.

मग एसएमबी १ सुरू करायचंच नाही का?

नाही. हा उपाय कधी कधी 'चालतो', म्हणूनच तो फसवा आहे. एका यादीसाठी अख्ख्या घरातल्या फाइल धोक्यात घालणं परवडणारं नाही. घरातल्या एका लॅपटॉपवर रॅन्समवेअर आलं, तर मॅप केलेल्या ड्राइव्हमधल्या फाइलही ते कुलूपबंद करू शकतं.

एखादा जुना राउटर किंवा नॅस फक्त एसएमबी १ च बोलत असेल, तर आधी त्याचं फर्मवेअर अपडेट करून बघा. अपडेट येतच नसेल, तर डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि त्या उपकरणाला निवृत्त करा. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या जुन्या नॅसमधला डेटा जगभर अनेकांच्या घरी दुरूनच पुसला गेला. या उपकरणाला २०१५ नंतर अपडेट मिळालेला नव्हता. तेव्हा इंटरनेटला जोडलेलं उपकरण काढून ठेवा, असंच कंपनीला सांगावं लागलं. नॅस बाहेरून दिसावी म्हणून राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करणंही याच कारणासाठी टाळा.

आणि सापडल्यावर?

नॅस सापडली की सुटकेचा निःश्वास टाकून विषय तिथेच संपतो. पण थोड्या वेळापूर्वीची ती धास्ती कशामुळे होती? फोटोंची एकच प्रत होती म्हणून. नॅसमध्ये दोन डिस्क असल्या, तरी तो बॅकअप नव्हे. एक डिस्क बिघडली तर दुसरी कामाला येते, पण चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून जाते. महत्त्वाच्या फाइलची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

शेवटी, नॅसचा राखून ठेवलेला पत्ता एका स्टिकरवर लिहून पेटीवर चिकटवा. पुढच्या वेळी ती यादीतून गायब झाली, तर घरातल्या कुणालाही ती उघडता येईल.