बार्शीचें कर्करोग-दप्तर

आपल्या वाचकांस परांडें ठाऊक आहे तें तेथील किल्ल्यामुळें. १६०० सालीं अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची गादी मलिक अंबरानें कांहीं काळ तेथें नेली होती. त्याच परांडें तालुक्यांतील, व लगतच्या भूम आणि बार्शी तालुक्यांतील, खेड्यांचें एक दप्तर १९८७ पासून बार्शीस लिहिलें जाऊं लागलें. त्यांत वतनें नाहींत, महजर नाहींत. कोणत्या गांवीं, कोणत्या वयाच्या माणसास, कोणत्या इंद्रियाचा कर्करोग झाला व पुढें तें माणूस जगलें कीं मेलें, एवढेंच आहे. भारतीय वैद्यक-संशोधन परिषदेच्या योजनेंतील, केवळ ग्रामीण प्रदेशाचें असें हें पहिलेंच दप्तर होय.

'कर्करोग' हा शब्द जुन्या कागदांत शोधूं नये. तो परभाषेंतील खेंकडावाचक शब्दाचें भाषांतर आहे. सुश्रुताच्या निदानस्थानांतील अर्बुदाचें वर्णन, वाटोळें, स्थिर, अल्प वेदनेचें, हळूहळू वाढणारें, न पिकणारें, बरेंच जुळतें. तरी सर्व अर्बुदें कर्करोग नव्हेत. हें थोडें विषयांतर झालें खरें. परंतु ज्या दुखण्यास बोलींत 'गांठ' किंवा 'अंगावर जातें' यापलीकडे नांव नाहीं, त्याची नोंद करावयाची कशी, हीच बार्शीकरांपुढील अडचण होती.

मुंबईंत १९६३ पासून अशी नोंद होत होती, ती मुख्यतः इस्पितळांचे कागद पाहून. खेड्यांतील रोगी इस्पितळापर्यंत पोंचतच नसे. म्हणून बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे डॉ. नेने, संख्याशास्त्रज्ञ कस्तुरी जयंत व त्यांचे सहकारी यांनीं निराळी रीत धरली. कार्यकर्ते गांवोगांव जात, लक्षणें समजावून सांगत, संशयित रोग्यास तपासणीस आणवीत. परिणाम असा झाला कीं, गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षां लवकरच्या अवस्थेंत सांपडूं लागला. दप्तर लिहिणाराच्या हातून दप्तराचा विषयच बदलावा, असें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

या पायावर १९९९ सालीं उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यांत मोठा प्रयोग झाला. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय व फ्रान्समधील लिओन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्था त्यांत सामील होत्या, डॉ. शंकरनारायणन् प्रमुख होते. खेड्यांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार भागांत चिठ्ठ्या टाकाव्या तशी वांटणी केली. एका भागास एच्.पी.व्ही. या विषाणूची परीक्षा, दुसऱ्यास पेशींची, तिसऱ्यास सौम्य असेटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहण्याची, तीहि प्रत्येकीची एकदांच. चौथ्या भागांतील ३१,४८८ स्त्रियांस प्रचलित सोय, म्हणजे पूर्वपरीक्षा नाहीं. आठ वर्षें माग ठेवून २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विषाणु-परीक्षेच्या ३४,१२६ स्त्रियांत या रोगानें ३४ मृत्यु, चौथ्या भागांत ६४. वाढलेल्या अवस्थेंतील रोगी अनुक्रमें ३९ व ८२. इतर दोन रीतींनीं मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाहीं.

या चौथ्या रकान्यावरून पुढें वाद उठला. एरिक सुबा या अमेरिकन डॉक्टरांनीं २०१४ सालीं असा आक्षेप घेतला कीं, पूर्वपरीक्षेनें जीव वांचतात हें अन्य देशांत सिद्ध असतां कांहीं स्त्रियांस तिच्यावांचून ठेवणें अन्याय्य होतें. उलट पक्षाचें म्हणणें, त्या भागांत अशी सोय मुळांत नव्हतीच, तेव्हां कोणाचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं. हें उत्तर मला पुरेसें वाटत नाहीं. जो दारापर्यंत जाऊन नांव लिहून घेतो, त्याला सोय नसल्याची सबब तितकीशी शोभत नाहीं. तथापि त्या रकान्यावांचून एकदां केलेल्या कोणत्या परीक्षेनें या खेड्यांतील मृत्यु कमी होतात, हें कळलें नसतें, हेंहि नाकारतां येत नाहीं. निष्कर्ष उद्धृत करणारे बहुधा ३४ चा आंकडा सांगतात. ६४ चा आंकडा त्याच्याजवळच लिहिला पाहिजे.

इंग्रजी नियतकालिकांतील लेख सहज मिळतात. गांवोगांव फिरलेल्या कार्यकर्त्यांच्या रोजनिशा, समजावणीचीं मराठी पत्रकें, संमतिपत्रांचे कोरे नमुने मात्र कोणी जमविल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. असे कागद कोणाच्या घरीं असतील तर रुग्ण स्त्रियांचीं नांवें झांकून त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, अशी विनंति आहे.